सुपरहिरो चित्रपटाची ‘दुसरी’ आवृत्ती: चाहत्यांना नेहमी पडणारे प्रश्न

एखाद्या सुपरहिरो चित्रपटाची वर्षानुवर्षं वाट पाहायची, पहिल्याच दिवशी जाऊन बसायचं आणि बाहेर पडताना मनात रुखरुख घेऊन यायचं: हा चित्रपट असा नव्हताच, यातून मधूनच कुणीतरी काहीतरी काढून घेतलंय. ही रुखरुख मला चांगली माहीत आहे. पुष्कळदा ती खरीही असते. आपली आशा कुठे ठेवायची आणि कुठे सोडून द्यायची, हे कळावं म्हणून वर्षानुवर्षं ऐकलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची दुसरी आवृत्ती येते कुठून?

चित्रीकरण चालू असतानाच संकलक हाती आलेले सीन पटकथेच्या क्रमानं जोडत जातो. या पहिल्या जोडणीला असेंब्ली म्हणतात. ती लांबलचक असते, तिच्यात तात्पुरतं संगीत असतं आणि जिथे शहर कोसळायचं असतं तिथे नट हिरव्या पडद्यासमोर उभा दिसतो. मग दिग्दर्शक संकलकाशेजारी बसून तिला आकार देतो. अमेरिकेत डायरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारानुसार मोठ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला या कामासाठी किमान १० आठवडे मिळतात आणि तेवढ्या काळात निर्मात्यांनी मध्ये हात घालायचा नसतो. व्यवसायाच्या भाषेत ‘डायरेक्टर्स कट’ म्हणजे मुळात हीच जोडणी.

त्यानंतर स्टुडिओ चित्रपट बघतो, निवडक प्रेक्षकांना दाखवतो, सूचना देतो, गरज वाटली तर काही सीन पुन्हा शूट करायला लावतो. शेवटचा शब्द बहुतेक वेळा स्टुडिओचाच असतो. म्हणून ‘दिग्दर्शकाची आवृत्ती अस्तित्वात आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चित्रपटाबाबत खरं ठरू शकतं. पण ते ऐकून हुरळून जाऊ नका. ती आवृत्ती कुठल्या अवस्थेत आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

डायरेक्टर्स कट आणि एक्सटेंडेड कट, दोन्ही एकच ना?

नाही, आणि बरीचशी निराशा या एका गैरसमजातून येते. एक्सटेंडेड कट म्हणजे थिएटरात आलेला चित्रपट तसाच ठेवून वगळलेले काही तुकडे परत आत घालणं. ‘सुसाइड स्क्वॉड’ २०१६ मध्ये आला तेव्हा १२३ मिनिटांचा होता. पुढे डिस्कवर आलेली एक्सटेंडेड आवृत्ती साधारण ११ मिनिटांनी मोठी होती. ती पाहून अनेकांनी ‘आयर कटमध्येही (म्हणजे दिग्दर्शकाच्या आवृत्तीत) काही दम नव्हता’ असा निकाल देऊन टाकला. पण तो आयर कट नव्हताच. दिग्दर्शक डेव्हिड आयर यांनी स्वतः वारंवार सांगितलं आहे की त्यांचा चित्रपट एकंदर सुरापासूनच वेगळा होता, गंभीर होता, आणि तो अजून प्रेक्षकांसमोर आलेला नाही. विटा त्याच असल्या तरी घराचा आराखडा वेगळा असू शकतो.

लांबी वाढली की चित्रपट सुधारतो का?

लांबीमुळे नाही सुधारत. सुधारतो तो कारणं परत आल्यामुळे. मला या विषयात मनापासून सांगायचं आहे ते एवढंच, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो.

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ थिएटरात १५१ मिनिटांचा आला. काही महिन्यांत ‘अल्टिमेट एडिशन’ आली, सुमारे अर्ध्या तासानं मोठी. त्या अर्ध्या तासात मोठी मारामारी फारशी नाही. त्यात आहेत दुवे.

आफ्रिकेतल्या प्रसंगाचंच घ्या. थिएटरातल्या आवृत्तीत भाडोत्री सैनिक बंदुकांनी माणसं मारतात आणि पुढे ठपका येतो सुपरमॅनवर. पाहताना आपण चक्रावतो: सुपरमॅनला गोळ्या घालायची गरज काय? कुणाच्याही मनात ही साधी शंका कशी येत नाही? लांब आवृत्तीत मोजक्या सेकंदांचा एक तुकडा आहे. मारेकरी मृतदेह जाळतात, म्हणजे ते सुपरमॅनच्या डोळ्यांतल्या आगीचं काम वाटावं. पुढे साक्ष द्यायला आलेल्या बाईला खोटं बोलायला पढवलं गेलं होतं, हेही कळतं. एवढ्यानं खलनायक ल्यूथरचा अख्खा डाव उभा राहतो.

तसंच त्या व्हीलचेअरचं. सुपरमॅनवरच्या भर सुनावणीत एकाच्या व्हीलचेअरमध्ये स्फोट होतो आणि सुपरमॅनला आधी काही दिसत नाही. का नाही दिसलं? लांब आवृत्तीत पत्रकार लोइस शोध घेते तेव्हा उलगडतं की खुर्चीला आतून शिशाचं अस्तर होतं, आणि शिशाच्या आरपार त्याची नजर जात नाही. स्फोटानंतर तो जखमी लोकांना उचलून बाहेर आणताना दिसतो. थिएटरातल्या आवृत्तीत तो ज्वाळांमध्ये नुसता उभा राहतो आणि निघून जातो. ज्यांनी फक्त ती आवृत्ती पाहिली, त्यांना हा सुपरमॅन थंड, माणूसघाणा वाटला. त्यांची चूक नव्हती. त्याची माणुसकी जिथे दिसत होती तीच मिनिटं कापली गेली होती.

२००३ च्या ‘डेअरडेव्हिल’ची गोष्टही अशीच. थिएटरात १०३ मिनिटं, पुढच्या वर्षी आलेल्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत १३३. परत आलेल्या भागात मॅट मर्डॉक वकील म्हणून एक खुनाचा खटला लढताना दिसतो. आंधळा वकील दिवसा कोर्टात न्याय मागतो आणि रात्री छपरांवरून उड्या मारतो, हाच तर त्या पात्राचा गाभा. थिएटरातल्या आवृत्तीत दिवसाचा वकील जवळजवळ गायब आहे.

उलट उदाहरणही सांगायला हवं. ‘स्पायडर-मॅन ३’ची संकलकाची म्हणून एक आवृत्ती २०१७ मध्ये आली. ती मूळ चित्रपटापेक्षा दोनेक मिनिटांनी लहान आहे. काही सीन काढले, काहींची जागा बदलली, न वापरलेलं संगीत परत आलं. मला ती मूळ आवृत्तीपेक्षा आवडते.

मग दिग्दर्शकाची आवृत्ती नेहमी सरसच?

मुळीच नाही. ‘वॉचमेन’च्या तीन आवृत्त्या आहेत: १६२, १८६ आणि २१५ मिनिटांच्या. सर्वांत मोठीत कथेतल्याच एका कॉमिकची गोष्ट ॲनिमेशनमधून मध्ये मध्ये गुंफली आहे. मूळ पुस्तकाशी ती इमान राखते, पण दर वेळी गाडी स्टेशनात थांबल्यासारखी कथा थांबते. माझं मत मधल्या आवृत्तीला.

‘जस्टिस लीग’चं नेमकं काय झालं होतं?

झॅक स्नायडर यांनी २०१६ मध्ये चित्रीकरण पूर्ण केलं. २०१७ च्या मार्चमध्ये त्यांची मुलगी ऑटम हिनं आत्महत्या केली. त्यांनी काम चालू ठेवून पाहिलं, पण मे महिन्यात ते आणि त्यांच्या पत्नी, निर्मात्या डेबोरा स्नायडर, चित्रपटातून बाजूला झाले. पुढचं काम जॉस व्हेडन यांच्याकडे गेलं. दोनेक महिने पुन्हा चित्रीकरण झालं, संगीतकार बदलला, टॉम होल्कनबोर्ग यांच्या जागी डॅनी एल्फमन आले. चित्रपट दोन तासांत बसवायचा, असा वॉर्नर या स्टुडिओचा आग्रह होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये १२० मिनिटांचा जो चित्रपट आला, त्यावर दिग्दर्शक म्हणून नाव एकट्या स्नायडर यांचं होतं.

पडद्यावर ही ओढाताण लपली नाही. एका सीनमध्ये रंग गडद, पुढच्यात उजळ. कुणी जिवावर उदार होऊन लढतोय आणि मध्येच विनोद. शेवटच्या लढाईच्या ठिकाणी एक रशियन कुटुंब येतं, ज्यांना वाचवायचं असतं, पण त्यांच्याशी आपली ओळखच झालेली नसते. आणि सर्वांत मोठं नुकसान झालं ते सायबॉर्गचं.

स्नायडर यांच्या २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीत, म्हणजे ‘स्नायडर कट’मध्ये, व्हिक्टर स्टोनला, म्हणजे सायबॉर्गला, आपण आधी माणूस म्हणून भेटतो. फुटबॉलच्या मैदानावर तो खेळतोय, प्रेक्षकांत आई आहे आणि तिच्या शेजारची वडिलांची खुर्ची रिकामी आहे. त्याच रात्री गाडीचा अपघात होतो. आई जाते. वडील मुलाला यंत्रात जगवतात आणि मुलगा त्यांना त्याबद्दल माफ करत नाही. मग त्याला स्वतःच्या शक्तीचा अंदाज येऊ लागतो. जगातली कुठलीही बँक, कुठलंही शस्त्र त्याला उघडता येतं. आणि तो करतो काय, तर लहान मुलाला घेऊन कसंबसं घर चालवणाऱ्या एका वेट्रेसच्या खात्यात गुपचूप पैसे टाकतो. तिला एटीएमसमोर उभी राहिलेली आपण पाहतो. पुढे त्याचे वडील सायलस शत्रूचा माग लागावा म्हणून मदर बॉक्स ही परग्रहावरची शक्तिशाली पेटी तापवतात आणि त्यातच जीव देतात. मुलगा काचेपलीकडे उभा असतो.

२०१७ च्या आवृत्तीत हे जवळपास काहीच नाही, आणि सायलस शेवटी जिवंत असतो. रे फिशर या नटानं जे काम केलं होतं ते तीन वर्षांहून जास्त काळ कुणी पाहिलंच नव्हतं. चाहते भांडत होते ते मला यासाठीच योग्य वाटतं.

हेन्री कॅव्हिलच्या मिशांची गोष्ट खरी आहे?

खरी आहे. ‘जस्टिस लीग’चं पुन्हा चित्रीकरण झालं तेव्हा सुपरमॅन झालेले कॅव्हिल दुसऱ्या स्टुडिओच्या चित्रपटासाठी मिशा राखून होते आणि त्या काढायला तिकडून परवानगी मिळाली नाही. मग मिशा संगणकावर पुसल्या गेल्या. २०१७ च्या आवृत्तीत सुपरमॅनचा वरचा ओठ निर्जीव, सुजल्यासारखा दिसला की समजा, तो सीन नंतर शूट झालेला आहे. ‘फॅन्टास्टिक फोर’मध्ये, २०१५ च्या, केट माराचा विग हेच काम करतो. एकदा ओळखायला लागलात की कुठला सीन मूळचा आणि कुठला नंतरचा हे स्वच्छ दिसतं.

स्नायडर कट आधीपासून तयार होता, मग त्यावर इतका खर्च कशाला?

तयार होती ती चित्रांची जोडणी. स्नायडर यांच्या लॅपटॉपमध्ये ती कृष्णधवल स्वरूपात होती. त्यात इफेक्ट्स अर्धवट होते, पूर्ण संगीत नव्हतं, ध्वनीचं काम बाकी होतं. एचबीओ मॅक्स या ओटीटी सेवेनं मे २०२० मध्ये घोषणा केल्यावर जे ७ कोटी डॉलरच्या आसपास लागले, ते याच कामासाठी. खलनायक स्टेपनवुल्फचं रूप मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा घडवलं, होल्कनबोर्ग परत आले आणि त्यांनी नव्यानं संगीत केलं. नवीन चित्रीकरण अगदी थोडं झालं. शेवटी येणारा जोकरचा सीन त्यातला. १८ मार्च २०२१ रोजी २४२ मिनिटांचा चित्रपट आला, तोही जवळजवळ चौकोनी चौकटीत, कारण स्नायडर यांनी तो आयमॅक्सच्या उंच पडद्याचा विचार करून टिपला होता.

अनेक मित्र त्या काळात म्हणायचे, ‘अरे, आहे ना त्यांच्याकडे, टाकायला काय जातं?’ जातं ते हे.

माझ्या आवडत्या चित्रपटाचंही असं होईल का?

स्वतःला एक प्रश्न विचारा: ते शूट झालं होतं का?

शूट झालं असेल आणि निगेटिव्ह किंवा फाइल्स जपलेल्या असतील, तर आज ना उद्या शक्यता आहे. पटकथेतच राहिलं असेल, बजेट कापल्यामुळे कॅमेऱ्यासमोर आलंच नसेल, तर संकलक काय जोडणार? ‘फॅन्टास्टिक फोर’चे दिग्दर्शक जॉश ट्रँक यांनी प्रदर्शनाच्या तोंडावर ट्वीट केलं होतं की वर्षभरापूर्वी आपल्याकडे याची उत्तम आवृत्ती होती. नंतर त्यांनी ते काढून टाकलं. त्या ट्वीटवर आशेचे इमले बांधणारे पुष्कळ आहेत. माझा जीव त्यात रमत नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध मुळात वेगळा शूट होऊन पडून आहे, असं मानायला ठोस आधार दिसत नाही.

दुसरीकडे जोएल शूमाकर यांचा ‘बॅटमॅन फॉरएव्हर’. त्याची अधिक गडद, ब्रूस वेनच्या बालपणीच्या अपराधी भावनेवर रेंगाळणारी जोडणी झाली होती, हे पटकथाकार अकिवा गोल्ड्समन यांनी सांगितलेलं आहे. शूमाकर २०२० मध्ये गेले. तिथे मला आशा वाटते, आणि ती कुणीतरी पूर्ण करावी असं मनापासून वाटतं.

आयर कटबाबत वॉर्नरनं २०२१ मध्ये ‘विचार नाही’ असं स्पष्ट सांगितलं. तरीही मी तो विषय बंद झाला असं मानत नाही. ते शूट झालेलं आहे.

याआधी असं कधी घडलं होतं?

घडलं होतं, आणि २६ वर्षं लागली होती.

रिचर्ड डॉनर यांनी १९७७ पासून ‘सुपरमॅन’ आणि ‘सुपरमॅन २’ एकाच वेळी चित्रित करायला घेतले. दुसऱ्या भागाचं बरंचसं काम झालेलं असताना निर्मात्यांशी बिनसलं आणि त्यांना काढण्यात आलं. रिचर्ड लेस्टर आले. दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लागावं यासाठी त्यांनी झालेले सीनही पुन्हा शूट केले. सुपरमॅनचे वडील झालेल्या मार्लन ब्रँडो यांना पैशाचा वाटा द्यावा लागू नये म्हणून त्यांचे दुसऱ्या भागातले सगळे सीन बाजूला पडले आणि वडिलांच्या जागी आई बोलू लागली. १९८० मध्ये आलेला चित्रपट चालला, लोकांना आवडलाही. पण चाहत्यांना ठाऊक होतं की कुठेतरी दुसरा एक ‘सुपरमॅन २’ डब्यांत बंद आहे. २००६ मध्ये ‘डॉनर कट’ डीव्हीडीवर आला. संकलक मायकल थॉ यांनी तो उभा केला.

त्यातला एक प्रसंग मी कितीदा पाहिला असेन, मोजलेलं नाही. नायगाराजवळच्या हॉटेलच्या खोलीत लोइसला खात्री झालेली आहे की क्लार्क हाच सुपरमॅन. ती पिस्तूल काढून त्याच्यावर झाडते. तो दचकत नाही. त्याचा पोक काढलेला पाठीचा कणा हळूहळू ताठ होतो, चष्मा उतरतो, आवाज खाली जातो आणि तो तिला रागावतो, तुझा अंदाज चुकला असता तर क्लार्क मेला असता. ती शांतपणे सांगते, पिस्तुलात गोळी नव्हतीच, नुसता बार होता.

हा सीन डॉनर यांनी चित्रपटासाठी कधी शूटच केला नव्हता. जे आपण पाहतो ते क्रिस्टोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या वेगवेगळ्या स्क्रीन टेस्ट आहेत, एकमेकींना जोडलेल्या. नीट बघा, काही शॉटमध्ये रीव्ह सडपातळ दिसतात, कारण सुपरमॅनसाठी त्यांनी अजून अंग कमावलेलं नव्हतं. केसांची ठेवण बदलते, चष्मा बदलतो. तांत्रिकदृष्ट्या हे ठिगळ आहे. आणि तरीही लेस्टर यांच्या आवृत्तीत क्लार्क अडखळून शेकोटीत हात घालतो आणि हात भाजत नाही म्हणून गुपित फुटतं, त्यापेक्षा हा प्रसंग कितीतरी पटींनी चांगला आहे. इथे लोइस हुशारीनं जिंकते. तिथे तिला नशिबानं कळतं.

डॉनर कट निर्दोष नाही. पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेण्याची कल्पना मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी होती, ती पहिल्या भागात वापरली गेली. डॉनर कटमध्ये ती परत आल्यामुळे दोन्ही चित्रपटांचा शेवट एकच होऊन बसतो. नवा शेवट शूट करायला तेव्हा सुपरमॅनच उरला नव्हता. रीव्ह २००४ मध्येच गेले होते. आवृत्ती त्यांना अर्पण केलेली आहे.

स्टुडिओ आडमुठेपणा का करतात?

आडमुठेपणा म्हणण्याआधी त्यांची बाजू समजून घ्या. इफेक्ट्सचा खर्च वर सांगितलाच. त्याशिवाय संगीताचे हक्क, कलाकारांचे करार, जुन्या फाइल्स शोधून नव्या यंत्रणेवर चालवणं. आणि न बोललं जाणारं एक कारण: नवी आवृत्ती काढणं म्हणजे आपण आधी विकलं ते कमअस्सल होतं अशी कबुली देणं.

पण सगळंच समजून घेता येत नाही. ‘बॅटगर्ल’ हा जवळपास ९ कोटी डॉलर खर्चून शूट झालेला चित्रपट २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुंडाळून ठेवला गेला. आर्थिक हिशेबात तो तोटा म्हणून दाखवणं सोयीचं ठरलं. दिग्दर्शक, नट, शेकडो तंत्रज्ञांचं काम कुणी पाहिलंच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

चाहत्यांच्या मागणीनं खरंच फरक पडतो का?

पडला. ‘रिलीज द स्नायडर कट’ ही मागणी २०१७ च्या प्रदर्शनानंतर लगेच सुरू झाली. लोकांनी पदरच्या पैशांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये फलक लावले, सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यावरून बॅनर ओढणारं विमान उडवलं. १७ नोव्हेंबर २०१९ रोजी, प्रदर्शनाला दोन वर्षं झाली त्या दिवशी, चित्रपटातले कलाकार गॅल गॅडो आणि बेन ॲफ्लेक यांनीही तीच मागणी लिहिली. मात्र वेळही जुळून आली. कोविडच्या साथीमुळे जगभरची चित्रीकरणं थांबली होती, एचबीओ मॅक्स नुकतं सुरू होत होतं आणि त्यांना लोकांनी बोलावं असं काहीतरी हवं होतं. मागणी नसती तर त्या वेळेचा उपयोग झाला नसता, आणि ती वेळ आली नसती तर मागणी अजूनही चालूच असती.

या चळवळीची एक बाजू काळी आहे आणि ती झाकायची माझी इच्छा नाही. समीक्षकांना, स्टुडिओतल्या माणसांना धमक्या गेल्या, शिवीगाळ झाली. मोहिमेतली बरीच खाती खोटी होती, असं वृत्त ‘रोलिंग स्टोन’नं २०२२ मध्ये दिलं. ज्यांना चित्रपट आवडला नाही त्यांच्या घरापर्यंत जाऊन भांडणारा माणूस चाहता कसला?

आणि दुसरी बाजू अशी की याच चाहत्यांनी ऑटमच्या स्मरणार्थ आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त निधी गोळा केला. चित्रपट येवो न येवो, ते पैसे तिथे पोचले. मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ट्रेलरमधला सीन चित्रपटात नाही. ही फसवणूक नाही का?

सहसा नाही. ट्रेलर बनतो तेव्हा संकलन संपलेलं नसतं. कधी मात्र उलटी गंगा वाहते: ‘सुसाइड स्क्वॉड’चा ट्रेलर लोकांना इतका आवडला की चित्रपटाच्या एका जोडणीत ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीचाच हात होता, असं तेव्हा छापून आलं. चित्रपटाचा पहिला अर्धा तास पाहा, ट्रेलरमागून ट्रेलर पाहिल्यासारखा वाटतो.

मी स्वतःच संकलन केलं तर?

करून पाहा. संकलन म्हणजे काय, हे दुसऱ्या कुठल्या मार्गानं इतकं कळत नाही.

मी एकदा एका गंभीर प्रसंगातला फक्त एक विनोद काढायचा ठरवलं. चार सेकंदांचं वाक्य. चित्र सहज कापलं गेलं. पण मागे संगीत चालू होतं, आणि कापल्या जागी ते उचकी लागल्यासारखं अडलं. मग शिकलो की ५.१ ध्वनीत, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलच्या ध्वनीत, संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात आणि संगीत बरंचसं बाजूच्या चॅनेलवर. मधलं बंद करून, संगीताचा दुसरीकडचा तुकडा आणून, दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवत तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी विनोद गेला. पण त्यानंतर पात्र हसतं तो शॉट राहिला, आणि आता ते विनाकारण हसत होतं. तोही कापला, तर पुढच्या शॉटमध्ये ते अचानक खोलीच्या दुसऱ्या टोकाला! त्या दिवसापासून ‘नुसतं एवढं कापायचं होतं’ असं मी कुणाही संकलकाबद्दल बोललेलो नाही.

एक लक्षात ठेवा. चित्रपटाचे हक्क स्टुडिओचे असतात. आपली जोडणी विकायची नाही, तिच्यावर पैसे कमवायचे नाहीत, ती अधिकृत असल्याचं भासवायचं नाही. चाहत्यांची संकलनं करणाऱ्या जुन्या मंडळींचा तर मूळ डिस्क स्वतः विकत घेतलेली असावी असाही दंडक असतो, आणि तो मला योग्य वाटतो.

पहिल्यांदाच पाहणाऱ्यानं कुठली आवृत्ती आधी पाहावी?

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आणि ‘डेअरडेव्हिल’ सरळ लांब आवृत्तीतच पाहा, थिएटरातल्या नंतर कुतूहल असेल तर. ‘सुपरमॅन २’ मात्र आधी १९८० चा. डॉनर कट हा अपुऱ्या सामग्रीतून उभा केलेला आहे, कथा माहीत असली की त्याची भोकं बोचत नाहीत आणि त्यातलं सोनं दिसतं.

‘जस्टिस लीग’ २०२१ चाच. चार तास ऐकून घाबरू नका, तो सहा भागांत आणि एका उपसंहारात वाटलेला आहे, दोन-तीन बैठकांत आरामात होतो. संपल्यावर लगेच बंद करू नका. पडद्यावर दोनच शब्दांची अर्पणपत्रिका येते, ‘फॉर ऑटम’, तिथपर्यंत थांबा.